परमुलखांतील मुक्काम आणि जवळची जोखीम

मोगल अमदानींत राजरस्त्यावरील सराईंत दिवस मावळला म्हणजे थोरला दरवाजा बंद करीत. आंत व्यापारी, यात्रेकरू, बायकामुलें, घोडीं, उंट, गाड्या असा मोठा मेळा उतरलेला असे. एकेका सराईंत ८०० ते १,००० माणसांची सोय होई. दरवाजा लागला कीं सराईचा अधिकारी मोठ्यानें ओरडून बजावी : ज्यानें त्यानें आपली चीजवस्त संभाळावी, घोड्यांचे पुढचे व मागचे पाय बांधावे, आणि विशेषतः कुत्र्यांवर नजर ठेवावी, कारण या देशांतील कुत्रीं मोठीं धूर्त व पक्कीं चोर आहेत. सकाळीं दरवाजा उघडण्यापूर्वीं पहारेकरी पुन्हां तीन वेळां ललकारी देई कीं, प्रत्येकानें आपापलें सामान पाहून घ्यावें. कोणाची वस्तु गेली असें निघालें तर ती सांपडेपर्यंत दरवाजा उघडत नसत. चोर आंतच अडकलेला. हातीं लागला तर सराईसमोरच त्याला फासावर लटकावीत. म्हणून ओरड झाली कीं चोर बहुधा चोरलेली वस्तु कोठें तरी गुपचूप टाकून देई.

ही हकीकत निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशानें लिहून ठेविली आहे. तो १६५६ सालीं हिंदुस्थानांत आला, आणि पुढें औरंगजेबाचा मुलगा शाह आलम याच्या पदरीं वैद्य म्हणून दक्षिणेंत आला तेव्हां औरंगाबादेंत, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, राहिला. तें शहरच मुळीं वाटसरूंचें. बऱ्हाणपुराकडून दक्षिणेंत उतरणारा आणि सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणारा असे दोन्ही रस्ते तेथून जात. शहरांतील प्रसिद्ध पाणचक्की ज्यांच्या दर्ग्याला लागून आहे त्या साधुपुरुषाचें नांवच बाबा शाह मुसाफिर. डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर फिरणारी ती चक्की तेथें येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं व फकिरांसाठीं धान्य दळीत असे.

ज्या शहरानें शतकानुशतकें परक्या मुलखांतील पाहुणे उतरवून घेतले, त्याच शहरांतील माणसें आज परक्या मुलखांत पाहुणीं म्हणून उतरत आहेत. शेंद्र्याच्या मोटार-कारखान्यांतील एखादा अभियंता झेकियांतील म्लादा बोलेस्लाव्ह येथें कामासाठीं जातो. जर्मनींत शिकणाऱ्या मुलीला भेटण्यास आईवडील निघतात. निवृत्त शिक्षकांचें जोडपें सहल-कंपनीबरोबर फ्रान्स, इटली पाहून येतें. जातांना बरोबर पासपोर्ट, परकी चलन, कार्डें, मोबाइल, आणि घरांतील बाईच्या अंगावर मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या. आपल्या भाषेंत अशा वस्तूंना 'जोखीम' म्हणतात. 'जवळ जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको,' असें वडीलधारीं माणसें म्हणत. मौल्यवान वस्तु आणि तिच्याबरोबर येणारा धोका या दोहोंना मराठींत शब्दहि एकच आहे.

ही जोखीम परदेशांतील हॉटेलांत कोठें ठेवावी, या प्रश्नाला बहुतेक प्रवासी एकच उत्तर देतात : खोलींतील कपाटांत लहानशी लोखंडी तिजोरी असते, तिच्यांत ठेवावी व चार आंकडे दाबून बंद करावी. हें उत्तर पूर्ण चुकीचें नाहीं. पण त्यांत एक मोठा गैरसमज दडलेला आहे. तिजोरी हॉटेलची, तेव्हां तिच्यांतील वस्तूची जबाबदारीहि हॉटेलची, असें प्रवासी धरून चालतो. कायदा पुष्कळ ठिकाणीं तसें धरीत नाहीं. तिजोरीचें दार किती जाड आहे यापेक्षां ती वस्तु कोणाच्या हवालीं केली, मोजून केली कीं नाहीं, आणि तिची पावती आहे कीं नाहीं, यांवर सर्व कांहीं अवलंबून असतें.

हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वरानें चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळीं कल्याणी येथें लिहिली. तें कल्याणी म्हणजे मराठवाड्याच्या सीमेलगतचें आजचें बसवकल्याण. त्या ग्रंथांत ठेवीचे दोन प्रकार वेगळे काढले आहेत. मोजून, दाखवून दुसऱ्याच्या हवालीं केलेली ठेव ती निक्षेप. डब्यांत घालून, वर मोहर करून, आंत काय व किती आहे हें न सांगतां दिलेली ती उपनिधि. उपनिधि जशी दिली तशीच मोहरेसह परत करावयाची. परंतु ती राजानें नेली, दैवानें नष्ट झाली किंवा चोरांनीं लांबविली तर ठेवणाऱ्यावर भरपाईचा बोजा नाहीं. मात्र धन्यानें मागितली असतांहि दिली नाहीं आणि मग ती गेली, तर तिची किंमत आणि तितकाच दंड, दोन्ही द्यावे लागत.

या नियमामागील व्यवहार सरळ आहे. न मोजलेल्या ठेवीचा तंटा नेहमीं एकाच जागीं अडतो : आंत होतें तरी काय ? एक म्हणतो पाटल्यांची जोडी होती, दुसरा म्हणतो आम्हीं डबा उघडून पाहिला नाहीं. हॉटेलच्या खोलींतील तिजोरींत प्रवासी स्वतःच वस्तु ठेवतो व स्वतःच कुलूप लावतो. ती ठेव निक्षेप तर नव्हेच, पण उपनिधीहि नव्हे. कारण ती कोणाच्या हातांत दिलेलीच नाहीं. रिसेप्शनवर जाऊन, वस्तु दाखवून, यादी करून, पावती घेऊन हॉटेलच्या मुख्य तिजोरींत ठेविली तर मात्र ती खरी ठेव होते.

युरोपांतील कायदे याच वाटेनें गेले आहेत. इंग्लंडांत १५८४ सालच्या काली याच्या खटल्यांत खानावळवाल्याची जबाबदारी फार कडक धरली गेली. पाहुण्याच्या हातांत खोलीची किल्ली दिली होती व त्यानें दार उघडें टाकलें, एवढ्यानें खानावळवाला सुटत नसे. त्या काळीं रस्ते लुटारूंचे, आणि कित्येक खानावळवाले त्यांना सामील. तेव्हां न्यायाधीशांनीं हा भार त्यांच्यावर टाकला यांत नवल नाहीं. पुढें आगगाडी आली, हॉटेलें मोठीं झालीं, आणि मालकांनीं तक्रार केली कीं, एखादा पाहुणा हिऱ्यांची पेटी घेऊन येईल व आमचें दिवाळें काढील. म्हणून १८६३ च्या कायद्यानें जबाबदारीला ३० पौंडांची मर्यादा घातली. १९५६ च्या कायद्यानें ती एका वस्तूस ५० पौंड व एका पाहुण्यास एकंदर १०० पौंड केली. तेव्हांपासून आजतागायत आंकडा तोच आहे, आणि आज तेवढ्या पैशांत लंडनमधील चांगल्या हॉटेलांत एक रात्रहि काढतां येत नाहीं.

या मर्यादेला त्याच कायद्यानें तीन खिंडारें ठेविलीं आहेत, आणि प्रवाशानें लक्षांत ठेवावयाचीं तीं हींच. हॉटेलवाल्याच्या किंवा त्याच्या नोकराच्या कसुरीनें वस्तु गेली, तर मर्यादा सुटते. वस्तु जपून ठेवण्यासाठीं म्हणून त्याच्या हवालीं केली होती, तरी सुटते. आणि प्रवाशानें ठेव देऊं केली पण हॉटेलनें घेण्याचें नाकारलें, तरीहि सुटते. शिवाय मर्यादेचा फायदा घ्यावयाचा तर ठराविक शब्दांतील सूचना रिसेप्शनजवळ ठळक लाविलेली असली पाहिजे. चौकटींत बसविलेला तो कंटाळवाणा कागद प्रवासी वाचीत नाहींत. पण आपल्या पाटल्यांची किंमत तेथें लिहिलेली असते.

फ्रान्स व इटली यांनीं मर्यादा खोलीच्या भाड्याला बांधली आहे : एका दिवसाच्या भाड्याच्या शंभरपट. जर्मनींतहि शंभरपटच, पण तेथें किमान ६०० व कमाल ३,५०० यूरो अशी चौकट आहे, आणि रोकड, रोखे व मौल्यवान वस्तु यांना कमाल ८०० यूरोच मिळतात. आजच्या भावानें तेवढ्यांत एक तोळा सोनेंहि येत नाहीं. या तिन्ही देशांत हॉटेलकडे रीतसर ठेविलेल्या वस्तूला ही मर्यादा लागत नाहीं. जर्मन कायदा आणखी एक अट घालतो. चोरी कळतांच विलंब न लावतां हॉटेलला सांगितलें पाहिजे. नाहीं तर हक्कच बुडतो. ठेविलेल्या वस्तूला मात्र ही अट नाहीं.

अमेरिकेंत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. न्यूयॉर्कमध्यें हॉटेलनें तिजोरीची सोय करून तशी सूचना लाविली असेल, आणि प्रवाशानें दागिने तिच्यांत ठेवण्यास दिले नाहींत, तर भरपाई मिळत नाहीं. दिले असले तरी वेगळा लेखी करार नसल्यास ती १,५०० डॉलरांपुरती. जपानच्या व्यापारी कायद्यांत रोकड व मौल्यवान वस्तूंविषयीं स्पष्ट म्हटलें आहे कीं, ठेवतेवेळीं वस्तूचा प्रकार व किंमत सांगितली नसेल तर हॉटेल जबाबदार नाहीं. हा जवळजवळ विज्ञानेश्वराचाच भेद झाला. देश बदलला कीं आंकडा बदलतो, तपशील बदलतो. पण सांगून, दाखवून, लिहून हवालीं केलेल्या वस्तूचें पारडें सगळीकडेच जड असतें.

आपल्याकडे हा विषय १८७२ च्या करार-कायद्यांत येतो. दुसऱ्याची वस्तु संभाळण्यास घेतली म्हणजे शहाण्या माणसानें स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेतली असती तितकी घेतलीच पाहिजे, असें तो कायदा सांगतो. दिल्लींतील एका पंचतारांकित हॉटेलांत १९९८ सालीं पाहुण्यानें मोटार व किल्ली हॉटेलच्या माणसाच्या हवालीं केली, आणि मोटार चोरीस गेली. पावतीवर 'धन्याच्या जबाबदारीवर' अशा अर्थाचा मजकूर होता. सर्वोच्च न्यायालयानें १४ नोव्हेंबर २०१९ रोजीं निकाल दिला कीं, वस्तु हातांत घेतल्यावर निष्काळजीपणाचें ओझें अशा छापील ओळीनें झटकतां येत नाहीं. काळजी घेतली होती हें हॉटेलनेंच दाखविलें पाहिजे. येथेंहि मुद्दा हवाला देण्याचाच होता.

आतां त्या खोलींतील तिजोरीचें यंत्र कसें चालतें तें पाहणें जरूर आहे. आंत एक लहान मोटर असते. बरोबर आंकडे दाबले कीं ती अडसर मागें घेते. तिला वीज मिळते ती साध्या बॅटरीवर. बॅटरी संपते, आणि पाहुणे आंकडे विसरतात. म्हणून हॉटेलजवळ ती उघडण्याचा दुसरा उपाय ठेवावाच लागतो. कोठें तो कारखान्याच्या नांवाच्या पट्टीमागें दडलेल्या किल्लीच्या भोकांत असतो, कोठें जोडयंत्रांत, कोठें सर्व तिजोऱ्यांना चालणाऱ्या एका मुख्य आंकड्यांत. तिजोरी बसवितांना कारखान्यानें घातलेला मुख्य आंकडा, सहा शून्यें किंवा तसलाच कांहीं सोपा, कित्येक हॉटेलांत बदललेलाच नसतो. यासाठीं एक सोपी परीक्षा आहे. दार उघडें ठेवूनच आपला आंकडा घालून अडसर बाहेर काढावा, मग शून्यें, एक-दोन-तीन-चार असे आंकडे दाबून पाहावे. त्यांनीं अडसर मागें सरला तर ती तिजोरी नव्हे, नुसता डबा आहे. ती भिंतीला वा कपाटाला पक्की जोडली आहे कीं उचलून नेतां येते, हेंहि हातानें हलवून पाहावें. आपला आंकडा जन्मसालाचा किंवा खोलीच्या क्रमांकाचा नसावा.

खोलीच्या दाराचीहि तीच गोष्ट. पूर्वीं हॉटेलची किल्ली पितळी असे. ती हरवली किंवा पाहुण्यानें बरोबर नेली तर तिची नक्कल कोणाच्या हातीं गेली हें कळत नसे. नॉर्वेच्या टोर सर्नेस यानें १९७० नंतरच्या दशकांत भोकें पाडलेल्या कार्डाचें कुलूप काढलें. कार्डावर भोकांच्या ३२ जागा होत्या, आणि त्यांतून ४२९ कोटींच्या वर निरनिराळ्या किल्ल्या होऊं शकत. त्यामुळें प्रत्येक नव्या पाहुण्याला नवी किल्ली देतां येऊं लागली व जुन्या पाहुण्याची निकामी झाली. पुढें भोकांच्या जागीं चुंबकी पट्टी व नंतर संगणकी चकती आली. पण याहि कुलपांना फटी आहेत. बर्लिनमधील एका हॉटेलांत २००३ सालीं एका संगणकतज्ज्ञाचा लॅपटॉप नाहींसा झाला. दारावर ओरखडाहि नव्हता. त्याच्या सहकाऱ्यांनीं तो विषय सोडला नाहीं, आणि २०१८ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, त्या जातीच्या कुलपाचें एखादें जुनें, बाद झालेलें कार्ड हातीं आलें तरी त्यावरून सगळ्या इमारतीची किल्ली बनवितां येते. २०२४ सालीं दुसऱ्या एका जातीच्या कुलपांत असाच दोष उघड झाला. तीं कुलपें १३१ देशांतील सुमारें १३,००० इमारतींत मिळून ३० लाखांहून अधिक दारांना बसविलेलीं होतीं. दोन्ही कारखान्यांनीं दुरुस्ती काढली; पण ती प्रत्येक दारापर्यंत पोंचली आहे कीं नाहीं, हें पाहुण्याला कळण्याचा मार्ग नाहीं. म्हणून आंत असतांना दाराची कडी किंवा सांखळी लावावी, आणि बाहेर जातांना दारावर विसंबून मौल्यवान वस्तु मेजावर ठेवूं नयेत.

यावरून खोलींतील तिजोरी निरुपयोगी ठरते असें नाहीं. उघड्या मेजावरची वस्तु सहज उचलणारा हात तिच्यामुळें थांबतो. घरीं परतण्यापुरती थोडी रोकड, दुसरें कार्ड, मोबाइल यांना ती पुरे. पण जी वस्तु गेली असतां घरांत वर्षभर हळहळ राहील, तिला ती पुरेशी नाहीं. तिच्यासाठीं हॉटेलची मुख्य तिजोरी. तेथें ठेवण्याची रीत अशी : हॉटेलांत पोंचतांच रिसेप्शनवर तशी सोय आहे का हें विचारावें. वस्तु त्यांच्यासमोर मोजाव्या, यादी करावी, त्यांत वजन, वर्णन व अंदाजी किंमत लिहावी. पाकिटांत घालून तोंड बंद करावें, जोडावर दोघांच्याहि सह्या व तारीख घ्यावी. मग पावती मागावी. तिच्यावर हॉटेलचें नांव, घेणाऱ्याचें नांव व वेळ असावी. एवढें करण्यास संकोच वाटतो. आपण समोरच्या माणसावर अविश्वास दाखवीत आहों असें आपल्या लोकांना वाटतें. परंतु मोजून दिलेली ठेव घेणाऱ्याचाहि बचाव करते. उद्यां त्याच्यावर खोटा आळ येत नाहीं. आणि हॉटेलनें ठेव घेण्यास नकार दिला तर रागावूं नये. तो नकार लेखी मागावा, निदान ईमेलनें नोंदवून ठेवावा. वर सांगितल्याप्रमाणें पुष्कळ ठिकाणीं त्या नकारालाहि किंमत आहे.

पैशांच्या बाबतींत आपले जुने व्यापारी याहून पुढें गेले होते. रोकड बरोबर नेणें हेंच त्यांना मूर्खपणाचें वाटे. ते हुंडी नेत. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए हा सतराव्या शतकांत सुरतेहून औरंगाबादेच्या वाटेनें गोवळकोंड्यास गेला. त्यानें लाहोर, आग्रा, बऱ्हाणपूर अशा गांवोगांवच्या सुरतेवरील हुंड्यांचे दर लिहून ठेविले आहेत. हुंडीची खुबी अशी कीं, ती चोराच्या उपयोगी पडत नसे. शहाजोग हुंडीचे पैसे पतवान सावकाराच्या मार्फतच मिळत. अनोळखी माणूस ती घेऊन आला तर पेढीवर चौकशी होई. आणि हुंडी हरवली तर मूळ सावकार तिची दुसरी प्रत देई, तिला पैठ म्हणत. पैठहि गहाळ झाली तर परपैठ.

अमेरिकेंत १८९१ सालीं निघालेला प्रवासी-चेक हा याच कल्पनेचा परदेशी भाऊ. विकत घेतांना एक सही, वटवितांना दुसरी. दोन्ही जुळल्या तरच पैसे. आजचें परकी चलनाचें कार्ड त्याच घराण्यांतलें. तें हरवलें तर एका फोनवर बंद करतां येतें, आणि बँका पुष्कळदां पहिल्या कार्डाबरोबर दुसरें राखीव कार्डहि देतात. तें राखीव कार्ड म्हणजे आजची पैठ. मात्र दोन्ही कार्डें एकाच पाकिटांत ठेविलीं तर सावकारानें हुंडी व पैठ एकाच थैलींत दिल्यासारखें होतें. एक नवऱ्याजवळ, एक बायकोजवळ. एक अंगावर, एक तिजोरींत, अशी वांटणी हवी. बँकेचा फोन-क्रमांक मोबाइलांत असतोच, पण कागदावरहि असावा. कारण चोरी मोबाइलचीहि होते.

पासपोर्टाची गोष्ट निराळी. तो पैशानें विकत घेतां येत नाहीं, आणि कायद्यानें तो प्रवाशाच्या मालकीचाहि नव्हे; तो भारत सरकारचा. नोंदणीसाठीं हॉटेलनें तो पाहणें, त्याची प्रत घेणें हें योग्य आहे. भाड्याचें तारण म्हणून तो अडकवून ठेवूं देऊं नये. त्याची व व्हिसाची एक प्रत वेगळ्या पिशवींत, एक घरीं संभाजीनगरांत विश्वासू माणसाजवळ, व एक ईमेलांत असावी. तो खरोखरच हरवला तर तेथील पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी व भारतीय वकिलातींत जावें. ताबडतोब परत यावयाचें असल्यास वकिलात एकेरी प्रवासापुरतें तातडीचें प्रमाणपत्र देते. पासपोर्टाची प्रत जवळ असली तर हें काम पुष्कळ लवकर होतें.

चोर तिजोरी फोडून येतो हें चित्र बहुधा सिनेमांतलें. हॉटेलांतील पुष्कळ चोऱ्या तिजोरीपासून दूर होतात. खोली घेतांना सही करावयाची म्हणून पिशवी पायाशीं ठेविली जाते. न्याहारीच्या वेळीं जागा धरण्यासाठीं पर्स खुर्चीवर ठेवून दोघेंहि थाळी आणावयास उठतात. मध्यरात्रीं खोलींतील फोन वाजतो : 'रिसेप्शनवरून बोलतों, तुमच्या कार्डाचा आंकडा नीट उतरला नाहीं, पुन्हां सांगा.' रस्त्यावर साध्या वेषांतील कोणी 'पोलीस' म्हणून पाकीट दाखवा म्हणतो. फोनवर आंकडा कधींहि सांगूं नये. 'सकाळीं खालीं येतों' एवढेंच म्हणावें. रस्त्यावरच्या त्या पोलिसाला 'ठाण्यावर चला' म्हणावें. खरा असेल तर तो चालूं लागेल.

शेवटचा प्रश्न दागिन्यांचा. आणि तो केवळ किंमतीचा नाहीं. आजीच्या पाटल्या सुनेकडे आल्या, सुनेकडून नातसुनेकडे जावयाच्या. त्यांत तीन बायकांचीं लग्नें आहेत. कायद्यानें पूर्ण भरपाई मिळाली तरी त्या पाटल्या मिळत नाहींत. प्रवासाचे विमे पुष्कळदां दागिने व रोकड वगळतात, किंवा त्यांना फार लहान मर्यादा ठेवतात. पॉलिसीचा तो भाग निघण्यापूर्वींच वाचावा. अशा वस्तु घरच्या बँकेच्या लॉकरमध्यें ठेवून निघावें आणि अंगावर काळ्या मण्यांची साधी पोत असावी, हाच सरळ मार्ग. कित्येक घरांत सौभाग्यालंकार काढून ठेवणें अशुभ मानतात. पण पोत गळ्यांत असली म्हणजे सौभाग्यचिन्ह राहिलेंच. सोन्याच्या वाट्यांचें वजन हें सौभाग्याचें माप नव्हे. मुलीच्या लग्नासाठीं किंवा दुसऱ्या कार्यासाठीं दागिने न्यावेच लागले, तर निघण्यापूर्वीं विमानतळावरील कस्टम्सकडून ते बाहेर नेत असल्याचें प्रमाणपत्र घ्यावें. परत येतांना हे दागिने आपलेच, परदेशीं विकत घेतलेले नव्हेत, हें त्यावरून सिद्ध करतां येतें. त्यांचीं छायाचित्रें व खरेदीच्या पावत्याहि जवळ असाव्या.

आणि वस्तु दिसेनाशी झाली तर आधीं काय करावें ? आधीं आपल्याच पिशव्या पाहाव्या. उशीच्या अभ्र्यांत, बुटांत, औषधांच्या डब्यांत 'सुरक्षित' म्हणून आपणच लपविलेली वस्तु विसरणें हा मनुष्यस्वभाव आहे. आणि खोली झाडणाऱ्या गरीब बाईवर पहिला संशय घेणें हाहि मनुष्यस्वभावच. एका चुकीच्या आरोपानें तिची नोकरी जाऊं शकते. शोध संपल्यावर मात्र क्षणाचा विलंब नको. हॉटेलच्या व्यवस्थापकाला लेखी कळवावें, दाराच्या व तिजोरीच्या कुलपांतील नोंद जपून ठेवण्यास सांगावें, कारण अनेक कुलपें कोणत्या वेळीं कोणती किल्ली चालली हें कांहीं दिवस लक्षांत ठेवतात. मग पोलिसांत तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा, बँकेला फोन करावा, विमा-कंपनीला कळवावें. हें सर्व त्याच गांवांत, त्याच दिवशीं. विमानतळावर किंवा घरीं आल्यावर केलेली तक्रार म्हणजे दरवाजा उघडून काफिला निघून गेल्यावर घातलेली हांक.

मनुचीच्या सराईंतील पहारेकरी सकाळीं तीन वेळां ओरडत असे तो याचसाठीं. सगळें शहाणपण त्या एका रिवाजांत आहे : दरवाजा उघडण्याआधीं मोजा. आजच्या हॉटेलांत ती ललकारी देण्यास कोणी नाहीं. दरवाजा रात्रंदिवस उघडाच असतो. म्हणून खोली सोडण्यापूर्वीं प्रवाशानें ती स्वतःच स्वतःला द्यावी. एकदां तिजोरीपाशीं, एकदां पावती हातांत घेऊन रिसेप्शनवर, आणि एकदां टॅक्सींत पाय ठेवण्यापूर्वीं. तिन्ही वेळां मोजणी जुळली, तर संभाजीनगराच्या घरीं पोंचल्यावर पेट्या उघडतांना निघावें तें फक्त सामान. हळहळ निघूं नये.